लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य)

लसावि म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य. दिलेल्या सगळ्या संख्यांनी जिला पूर्ण भाग जातो अशी सगळ्यात छोटी संख्या. १२ चा पाढा म्हणत गेलं की १२, २४, ३६, ४८, ६०, ७२ आणि १८ चा म्हटला की १८, ३६, ५४, ७२, म्हणजे दोन्ही पाढ्यांत येणाऱ्या संख्या ३६, ७२, १०८ अशा न संपणाऱ्या आहेत, त्यातली पहिली ३६, तोच १२ आणि १८ चा लसावि. शून्य इथे धरत नाहीत, कारण शून्याला कुठल्याही संख्येने भाग जातो आणि मग प्रत्येक उत्तर शून्यच आलं असतं.

नावामुळे मुलांचा खूप गोंधळ होतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे. लसावि मधे 'लघुत्तम' आहे म्हणून उत्तर लहान येणार असं वाटतं, आणि मसावि (महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना पूर्ण भाग देणारी सगळ्यात मोठी संख्या) मधे 'महत्तम' म्हणून मोठं, प्रत्यक्षात उलटं होतं! लसावि दिलेल्या सगळ्यात मोठ्या संख्येएवढा किंवा तिच्याहून मोठाच असतो, मसावि सगळ्यात लहान संख्येएवढा किंवा तिच्याहून लहान. शेवटचा 'वि' दोन्हीकडे वेगळा आहे हे लक्षात ठेवलं की काम होतं, एकात विभाज्य (ज्याला भाग जातो तो), दुसऱ्यात विभाजक (जो भाग देतो तो).

छोट्या संख्यांना पाढे लिहिणं पुरतं. पण लसावि नेमका काय करतो हे समजायचं तर मूळ अवयव पाडून, म्हणजे संख्या २, ३, ५ अशा मूळ संख्यांच्या (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशाने भाग जात नाही) गुणाकारात लिहून, बघायलाच हवं. १२ = २ × २ × ३ आणि १८ = २ × ३ × ३. आता आपल्याला अशी संख्या हवी की जिच्यात १२ पण मावेल आणि १८ पण. १२ साठी दोन २ लागतात, १८ साठी दोन ३ लागतात, मग २ × २ × ३ × ३ = ३६ झालं. दोघांत मिळून तीन २ आणि तीन ३ आहेत पण आपण तेवढे घेतले नाहीत, कारण जो भाग दोघांत सामाईक आहे तो एकदा घेतला की दोघांनाही पुरतो. लसाविचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. पाठ करून घेतात तो नियम, प्रत्येक मूळ अवयवाचा मोठा घातांक (तो एका संख्येत जास्तीत जास्त जितक्या वेळा येतो तेवढा) घ्यायचा, तो इथूनच आलाय. सरळ १२ × १८ = २१६ केलं तरी तो साधारण विभाज्य असतोच, लघुत्तम नसतो एवढंच. मात्र ८ आणि १५ सारख्या सहमूळ संख्या असतील, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसेल, तर गुणाकार हाच लसावि. आणि ७ व २१ सारखं एकाने दुसरीला भाग जात असेल तर मोठी संख्या हेच उत्तर, काही करायचीच गरज नाही.

शाळेत जास्त चालते ती उभी मांडणी. संख्या ओळीत लिहायच्या, डावीकडे मूळ संख्येने भाग देत खाली उतरायचं. १२, १५, २० घ्या. २ ने ६, १५, १०. परत २ ने ३, १५, ५. ३ ने १, ५, ५ आणि ५ ने १, १, १. डावीकडचे गुणले की २ × २ × ३ × ५ = ६०. इथे एक चूक फार जण करतात, २ ने १५ ला भाग जात नाही म्हणून थांबतात. थांबायचं नाही, जिला भाग जात नाही ती तशीच खाली उतरवायची. सगळ्यांना भाग गेलाच पाहिजे ही अट मसाविची आहे, लसाविची नाही.

दोन संख्यांसाठी एक फार सुंदर नातं आहे, लसावि × मसावि = त्या दोन संख्यांचा गुणाकार. १२ आणि १८ चा मसावि ६, आणि ६ × ३६ = २१६, बरोबर जुळतं. पण हे तीन संख्यांना सरसकट लावता येत नाही, वरच्याच उदाहरणात १२ × १५ × २० = ३६००, मसावि १ आणि लसावि ६०, कुठेच जुळत नाही. तीन असतील तर आधी दोघांचा काढायचा, मग आलेल्या उत्तराचा तिसरीबरोबर.

या नात्याचा खरा उपयोग मोठ्या संख्यांना होतो. ११४७ आणि १२७१ चे अवयव हाताने पाडायला बसलं तर बराच वेळ जाईल, पण मसावि भागाकारानेच निघतो: १२७१ ला ११४७ ने भागून बाकी १२४, ११४७ ला १२४ ने भागून बाकी ३१, १२४ ला ३१ ने पूर्ण भाग, म्हणून मसावि ३१. मग ११४७ ÷ ३१ = ३७ आणि ३७ × १२७१ = ४७०२७, हाच लसावि. आधी भागा मग गुणा, आकडे हाताबाहेर जात नाहीत, प्रोग्राम लिहिणारे पण याच क्रमाने करतात. (पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ३.९ व्हर्जनपासून लसाविचं फंक्शन तयारच मिळतं.) मसावि काढायची ही रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे, इ.स.पू. ३०० च्या आसपासची, आणि दोन व तीन संख्यांचा लसावि पण त्याच खंडात आहे. कुठलाही साधारण विभाज्य घेतला तरी त्याला लसाविने भाग जातोच, हेही तिथे सिद्ध केलंय.

आपल्याकडे नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह'मधे लसाविला निरुद्ध म्हटलं आणि अपूर्णांकांचे छेद समान करायला तो वापरला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला हा ग्रंथ. आजही लसावि सगळ्यात जास्त लागतो तो तिथेच, ५/१२ + ७/१८ करताना छेद ३६ केला की १५/३६ + १४/३६ = २९/३६ लगेच येतं, २१६ केला तर १७४/२१६ येऊन परत संक्षेप करत बसावं लागतं.

स्पर्धा परीक्षांत भागाकारात उरणाऱ्या बाकीवरची गणितं ठरलेली. ६, ८, १२ ने भागल्यावर प्रत्येक वेळी बाकी ५ उरेल अशी सगळ्यात लहान संख्या विचारली, तर लसावि २४ मधे ५ मिळवून २९ (काटेकोर बघितलं तर ५ ही संख्या स्वतःच चालते, पण अपेक्षित उत्तर २९ असतं). बाकी अनुक्रमे ४, ६, १० दिली असेल तर मिळवायचं नाही, प्रत्येक ठिकाणी २ कमी पडतायत म्हणून २४ − २ = २२.

पण मला वाटतं लसावि कळतो तो तालात. रूपक ताल सात मात्रांचा, त्यात चार मात्रांचा तुकडा समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) सलग घेत राहिलं तर तो परत समेवर सुरू व्हायला २८ मात्रा लागतात, म्हणजे तालाच्या पूर्ण चार फेऱ्या, चार आवर्तनं. झपताल तर दहा मात्रांचा, मोठा, तरी तोच तुकडा २० मात्रांत म्हणजे दोनच आवर्तनांत समेवर येतो, कारण ४ आणि १० मधे २ सामाईक आहे आणि ४ व ७ मधे काहीच नाही.

कालगणनेत पण हेच. चिनी पंचांगात १० आणि १२ चिन्हांची दोन चक्रं सोबत फिरतात, जोड्या १२० होऊ शकल्या असत्या पण लसावि ६०, म्हणून ६० वर्षांनी नावं परत सुरू होतात आणि उरलेल्या ६० जोड्या कधी येतच नाहीत. आपल्या पंचांगातली संवत्सरं पण ६० च आहेत, आणि गुरूची फेरी साधारण १२ वर्षांची, शनीची साधारण ३०, त्यांचा लसावि पण ६०. अमेरिकेत जमिनीखाली वाढणारे सिकाडा किडे आहेत, काही झुंडी दर १३ वर्षांनी वर येतात तर काही १७ वर्षांनी, दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे लसावि थेट १३ × १७ = २२१. अशा दोन झुंडी १८०३ साली एकाच वर्षी बाहेर आल्या होत्या, त्यानंतर २०२४ मधे, आता पुढच्या वेळी २२४५ साली.