शेवंती, वार्षिक

(बिजली; लॅ. ग्लेबिओनिस कोरोनॅरिया, कुल–ॲस्टरेसी). बियांपासून वाढणारे व एका हंगामात जीवनक्रम पुरे करणारे फुलझाड. मूलस्थान भूमध्य सागरी प्रदेश. पाने बारीक विभागलेली. स्तबके (फुलांसारखे दिसणारे फुलोरे) पिवळी किंवा पांढरी. चीन-जपानमध्ये कोवळ्या पाल्याची भाजी करतात. महाराष्ट्रात फुले हारांसाठी विकतात.

लिनीअस यांनी 1753 मध्ये ही जाती क्रिसँथेमम प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घातली व पुढे तीच त्या प्रजातीचा नमुना (जिच्याशी प्रजातीचे नाव कायम जोडलेले असते ती जाती) मानली गेली. त्यामुळे नियमानुसार बहुवर्षायू शेवंतीलाच ते नाव सोडावे लागत होते. काही काळ तिला डेंड्रँथेमा म्हटलेही गेले. सेंट लुईस येथील 1999 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेच्या सुमारास नमुना म्हणून क्रिसँथेमम (क्रि.) इंडिकम ही जाती कायम झाली. बहुवर्षायू शेवंतीला जुने नाव परत मिळाले, वार्षिक जाती ग्लेबिओनिसमध्ये गेली. उद्यानविद्येच्या पुस्तकांत वार्षिक जातीचे क्रि. कोरोनॅरियम हे जुने नाव अजून आढळते. पण वार्षिक जातीत गुणसूत्रे 18, तर बहुवर्षायू बागायती प्रकारांत बहुधा 54 असल्याने वेगळेपणा मानणेच सयुक्तिक दिसते. बहुवर्षायू शेवंती काश्यांपासून (बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून) लावतात.

‘बी’ म्हणून पेरतात ते वस्तुतः कृत्स्नफळ (एकबीजी शुष्क फळ) होय. स्तबकाच्या कडेची फळे तीन धारांची व पंखयुक्त, आतली अरुंद असतात. कवच टणक असल्याने उगवण मागेपुढे होते. म्हणून पहिली रोपे दिसताच वाफा मोडू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात 15 सेंमी. उंच गादीवाफ्यावर ओळींत पातळ पेरून वर चाळलेले शेणखत जेमतेम पसरतात व झारीने पाणी देतात. दाट पेरणी व सतत ओल यांमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. सु. 4 आठवड्यांची रोपे संध्याकाळी 30×30 सेंमी. अंतरावर लावतात, पुढे 3–4 आठवड्यांनी शेंडा खुडल्यास फांद्या वाढतात. नत्र जास्त झाल्यास पाला माजतो व झाडे लोळतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो.

परागण कीटकांमार्फत होत असल्याने रंग मिसळतात. बियाण्यासाठी एकच रंग वेगळा लावून, भेसळ झाड पहिले फूल दिसताच उपटावे. तपकिरी झालेली स्तबके सावलीत वाळवून बी काढतात.

ॲस्टर व झेंडूची रोपे अशीच करतात. झिनिया व कॉसमॉस थेट जागेवर पेरून विरळले तरी चालतात.