विश्वस्त भांडवलशाही

विश्वस्त भांडवलशाही : खाजगी मालकी आणि नफ्याची प्रेरणा कायम ठेवून संपत्ती व उद्योजकता गरिबांच्या उपयोगी पडावी आणि त्यात धनिक उद्योगपतींनीच पुढाकार घ्यावा, असे मानणारी विचारसरणी. दानधर्मात मिळवून झालेल्या पैशाचा विनियोग येतो. या विचारात पैसा मिळवण्याची रीतच बदलण्याची अपेक्षा असते. या दोहोंची गल्लत झाली, की एखाद्या उद्योगपतीने किती देणग्या दिल्या यावरच चर्चा अडकते आणि त्याच्या कारखान्यातील मजुरी, खरेदीचे दर व कर्जाचा व्याजदर हे मूळ प्रश्न बाजूला पडतात.

अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये, धनिकाने आपली अतिरिक्त संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून हाताळावी, असे लिहिले. परंतु तीनच वर्षांनी त्यांच्या होमस्टेड येथील कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटून कामगारांचे बळी गेले आणि तेथील कामगार संघटना मोडून पडली. महात्मा गांधींच्या विश्वस्त कल्पनेत मालकाने स्वतःला संपत्तीचा राखणदार समजावे, असे हृदयपरिवर्तन अभिप्रेत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मालकाच्या सदिच्छेवर भिस्त ठेवली नाही. १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी घटनात्मक तरतूदच मागितली. २००८ मध्ये बिल गेट्स यांनी दावोस येथे ‘सर्जनशील भांडवलशाही’ची, म्हणजे नफा कमावतानाच गरिबांच्या गरजाही भागवणाऱ्या बाजाराची, कल्पना मांडली. भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. हा खर्च करताना कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे जेथे कारखाने आहेत तेथे हा पैसा सहज पोचतो आणि माण, जत, आटपाडी यांसारख्या दुष्काळी तालुक्यांना त्याची वाट पाहावी लागते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत भांडवल गरिबाच्या कामी कसे यावे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे व्यवहारात तपासला गेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ३२ एकर माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ विकले गेले नाहीत; गिऱ्हाईक पटवण्यासाठी उद्योजकाला शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागले. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती आणि शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीचे पहारेकरी म्हणून नेमले जाई. हा औदार्याचा भाग मोठाच आहे. पण नांगराने जो लाभ झाला तो धंद्याच्या रचनेतून झाला, कारण शेतकऱ्याचे पीक वाढल्याशिवाय कारखान्याचा माल खपणार नव्हता. विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हित असे एकत्र बांधले गेले, तरच भांडवल गरिबाच्या कामी येते, असे येथे म्हणता येते. तेही मर्यादेतच, कारण नांगर घेण्यासाठी आधी जमीन आणि बैल असावे लागतात आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्याच्यापर्यंत हे हित फार तर मजुरीच्या रूपाने पोचले.

अशाच लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्कर आणि पुढे सातारा रोड येथील कूपर या दोन्ही कारखान्यांसाठी काम केले. १९१९ मध्ये त्यांनी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांचा आधार होता तो लोकांनी दिलेले धान्य, विद्यार्थ्यांचे श्रम आणि प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने.

मालकाच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून न राहता मालकीच वाटून घ्यावी, या विचारातून कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सांगलीचा कारखाना उभारण्यात वसंतदादा पाटील यांचा पुढाकार होता. ऊसउत्पादक शेतकरी येथे सभासद म्हणून भागधारक असतो आणि संचालक मंडळ निवडतो. तुटलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, असा ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चा नियम आहे. मात्र या व्यवस्थेतील सर्वांत गरीब माणूस सभासद नाही. बीडकडून, तसेच जत-आटपाडीसारख्या कोरडवाहू भागांतून येणारे ऊसतोड जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यांना टनाच्या हिशेबाने फेडावी लागते आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. दिवसभर मोळ्या बांधून झाल्यावर जनावरांच्या वाढ्यासाठीही, म्हणजे उसाच्या शेंड्याकडील हिरव्या चाऱ्यासाठीही, घासाघीस करावी लागते. सहकाराने शेतकऱ्याला मालक केले, कोयत्याला नाही, आणि हा दोष हंगामागून हंगाम सहन केला गेला आहे. मालकी कोणाकोणात वाटली गेली, हा प्रश्न म्हणूनच मालक किती उदार आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हे मालकी वाटून घेण्याच्या याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. रस्त्याकडेला भट्टी लावणाऱ्या एका लोहारीण बाईला बचत ठेवायची होती, पण एवढ्या लहान रकमेसाठी कोणतीही बँक तिचे खाते उघडेना. त्यातून ही कल्पना निघाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी कित्येकींना सहीऐवजी अंगठा उठवावा लागत होता. त्यानंतर या बायका गावातच अक्षरे गिरवू लागल्या आणि चेतनाताईंबरोबर पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हाला वाचता येत नसले तरी रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर काढावे, असे त्यांनी तेथे सांगितले. परवाना मिळाला.