थिकनेस प्लेनरवरचे रोलर, गार्ड आणि स्टार्टर आले कुठून: थोडी पार्श्वभूमी

नाशिकमध्ये हल्ली पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवरच्या शेडमध्ये सुतारकाम करणारे बरेच झालेत, आणि पहिली मोठी मशीन घेतली जाते ती पुष्कळदा थिकनेस प्लेनर (किंवा थिकनेसर), म्हणजे फळी रोलरने आत ओढून फिरत्या पात्याने एका जाडीची करणारी मशीन. कारण सरळ आहे, वखारीतून आणलेली फळी कधीच एका जाडीची नसते, एका टोकाला 28 एमएम तर दुसऱ्या टोकाला 25, आणि आठ फुटी सागवानी फळी हाताने रंधा मारून मापात आणायची म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा. मशीन घरी आली, बॉक्स उघडला, प्लग लावला की काम सुरू. सूचनांच्या कागदावर "आत हात घालू नका, हातमोजे घालू नका, गार्ड काढू नका" असं असतं, पण का ते कुणी सांगत नाही, आणि कारण माहीत नसलं की गार्ड, म्हणजे धोक्याच्या भागावरचं झाकण, आधी अडचण वाटतं, मग आठवड्याभरात ते कोपऱ्यात पडलेलं असतं. त्या प्रत्येक पार्टमागे एक हकीकत आहे, ती कळली तर माणूस तो पार्ट जपून ठेवील असं मला मनापासून वाटतं.

आपल्या सराफ बाजारातला सरकारवाडा बघा किंवा जुन्या नाशकातला कुठलाही वाडा, खांब, तुळया, सगळं हाताच्या रंध्याचं काम. त्या रंध्याचं पातं केसभर बाहेर, जोर सुताराच्या दंडात असेल तेवढाच, त्यामुळे चूक झाली तरी बोट कापायचं, अख्खा हात जायचा नाही. मशीन आली आणि हा हिशोबच बदलला.

मशीनची कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी 1791 आणि 1793 च्या पेटंटमध्ये मांडली. हे जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचे भाऊ, आणि दोघा भावांच्या डोक्यात होतं की तुरुंगातल्या कैद्यांकडून या मशीन चालवून घ्यायच्या, म्हणजे मुळातच विचार असा की कसबी सुतार नसला तरी काम झालं पाहिजे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रंध्यावर सुरक्षितता सुताराच्या हातात होती, बरीच वर्षं घासून आलेली, आणि इथे तो अनुभवी हातच काढून घेतला, मग त्याच्या जागी मशीनमध्येच काहीतरी असायला हवं होतं, ते यायला पुढे शंभर वर्षांहून जास्त गेली. 1802 मध्ये जोसेफ ब्रामा यांचं प्लेनिंग मशीनचं पेटंट आलं, 1827 मध्ये ग्लासगोच्या माल्कम म्यूर यांनी फरशीच्या फळ्यांसाठी मशीन केली. आणि मग 27 डिसेंबर 1828 ला अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांना पेटंट मिळालं, त्यात फिरता कटर आणि लाकूड दाबून पुढे ढकलणारे रोलर एकत्र होते. आज तुमच्या शेडमध्ये जी मशीन आहे तिचा सांगाडा तोच. त्या पेटंटची मुदत वाढत वाढत 1856 पर्यंत गेली, वुडवर्थवाल्यांनी त्यावर फी वसूल केली, कोर्टकज्जे थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. भांडण पैशाचं होतं, बोटांचा विषय त्यात कुठेच नव्हता.

आता खरा मुद्दा, चौकोनी कटर. एकोणिसाव्या शतकात कटर ब्लॉक म्हणजे चौकोनी लोखंडी ठोकळा, त्याच्या बाजूंवर जाडजूड पाती बोल्टने आवळलेली. हा ठोकळा थिकनेसरमध्ये झाकलेला असतो म्हणून तिथे एक वेळ चालतं, पण सरफेस प्लेनरवर, म्हणजे जिथे फळी हाताने वरून सरकवतात, तिथे तो जीवघेणा होता. चौकोन फिरताना त्याचा कोपरा टेबलाच्या कडेजवळून जातो आणि लगेच मागे सपाट बाजू येते, त्या क्षणी टेबल आणि ठोकळा यांच्यात मोठी फट पडते. लाकूड निसटलं, हात खाली गेला, की बोटं त्या फटीत जायची आणि पुढचा कोपरा ती आत ओढून घ्यायचा. नुसतं कापलं जाणं नव्हे, आत ओढलं जाणं. आणि हे मिनिटाला हजारो वेळा फिरत असतं, हात मागे घ्यायला वेळच नाही.

गोल ब्लॉक आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याला एक दुसरा शोध कारणीभूत आहे. 1900 च्या आसपास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी हाय स्पीड स्टील, म्हणजे तापलं तरी धार टिकवणारं पोलाद, आणलं, त्याची पाती पातळ करता यायला लागली, आणि पातळ पाती गोल ब्लॉकच्या खाचेत पाचरीने आवळून बसवता येतात, जाड पात्यांचं तसं होत नाही. गोल ब्लॉकमध्ये पातं बाहेर दिसतं साधारण एक एमएम, फट जवळजवळ नाहीच. हात गेला तर जखम होते, वाईट होते, पण आत ओढला जात नाही. फरक एवढा मोठा होता की ब्रिटनने 1922 च्या वूडवर्किंग मशिनरी नियमांत लिहूनच टाकलं की हाताने फळी सरकवायच्या प्लेनरवर गोल ब्लॉकच पाहिजे. त्याच नियमांत थिकनेसरच्या फीड रोलरला गार्ड हवं असंही आहे, आणि एक कलम मला विशेष आवडतं, मशीन चालू असलेल्या खोलीचं तापमान 50 फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये, म्हणजे आपले 10 सेल्सियस. थंडीने बधिर झालेल्या बोटांना फळीचा अंदाज येत नाही. निफाडची जानेवारीतली सकाळ ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, तिकडे शेडमध्ये काम असेल तर ऊन वर येऊ द्या मग मशीन लावा.

भारतात 1948 चा फॅक्टरी ॲक्ट आला, त्याचं कलम 21 मशीनच्या धोकादायक भागांना संरक्षण घालण्याचं, आणि महाराष्ट्राच्या 1963 च्या कारखाने नियमांत लाकूडकामाच्या मशीनसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्याच्याही आधी, 1923 मध्ये, कामगार भरपाईचा कायदा झाला होता. त्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के कमी धरलेली आहे, तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12. तो तक्ता एकदा वाचावा, गार्ड काढायला हात धजत नाही.

थिकनेसरवर अपघात वेगळे होतात. इथे पातं हाताला सहज लागत नाही, पण रोलर फळी खाली दाबतो, आणि फळीच्या खाली बोटं धरून ती आत सारली तर फळी आणि तिच्याखालचा बेड (मशीनचं टेबल) यांच्यामध्ये बोटं चेचली जातात. म्हणून फळी बाजूंनी धरायची, आणि मशीनने पकडली की सोडून द्यायची. दुसरं म्हणजे लाकूड उलटं फेकलं जाणं. पुढचा रोलर आणि मागचा रोलर यांच्यातल्या अंतरापेक्षा तुकडा आखूड असेल तर मधल्या टप्प्यात तो कुणाच्याच ताब्यात नसतो, आणि 8000 आरपीएमचा कटर त्याला मागे भिरकावतो, नेमका तिथे जिथे आपण वाकून आत बघत असतो. त्यासाठी मोठ्या मशीनला रोलरच्या आधी दात्यांची रांग टांगलेली असते, लाकूड पुढे जातं, मागे येऊ पाहिलं की दाते रुततात. हे दाते एकदा जवळून बघा. पाइनच्या चिकाने आणि भुशाने ते एकमेकांना चिकटून वर अडकलेले सापडतात, म्हणजे असून नसल्यासारखे. प्लग काढून काडीने एकेक उचलून सोडायचा, आपल्या वजनाने टपकन खाली पडला पाहिजे, नाहीतर रॉकेलने धुवा.

पाइनचं निघालं म्हणून सांगतो. आपल्याकडे हे लाकूड बरंच येतं ते सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांच्या पॅकिंगमधून, अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून अनेकांनी पॅलेट आणलेत. त्यात तुटके खिळे आत राहतात, वरून दिसत नाहीत. फळीवरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती प्लेनरमध्ये घालू नका, पात्याचा तुकडा उडाला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही.

1980 च्या दशकात र्‍योबी कंपनीने दहा इंची, उचलून नेता येईल असा प्लेनर बाजारात आणला, मग मकिता आणि इतर आले, आणि कारखान्यातली मशीन घराघरात गेली. मशीन आली पण सोबत सुपरवायझर आला नाही, शिकवणारा मिस्त्री आला नाही, आणि लहान मोटरचा आवाज इतका मोठा की कानाला मफ लावल्याशिवाय उभं राहू नये.

भुशाबद्दल वेगळं बोललं पाहिजे कारण तो लगेच दिसत नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे फर्निचरचं गाव, तिथे कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की एरवी दुर्मिळ असा नाकाच्या पोकळीचा कॅन्सर फर्निचर कामगारांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतोय. 1968 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, आणि 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ थेट पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. आपलं सागवान तर काहींच्या कातडीला पुरळही आणतं. प्लेनरला मागे पाइप जोडायचं जे तोंड असतं ते यासाठी, फक्त जमीन स्वच्छ राहावी म्हणून नाही.

आणि स्टार्टर. लाईट जाते, आपण वैतागून चहाला जातो, फळी अर्धी आत, स्विच चालूच. लाईट आली की साध्या स्विचची मशीन आपोआप फिरते, आणि तेव्हा कुणीतरी अडकलेला कीस हाताने काढत असू शकतो. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असेल तर हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. रंधा मशीन म्हणून जी कास्ट आयर्नची मिळते, वर सरफेस प्लेनर आणि बाजूला करवत, तिला अनेकदा हा स्टार्टर नसतो, गार्डही नसतं.

हे सगळं कायद्यात आहे तरी वर्कशॉपमध्ये का नाही, त्याचं कारण आकड्यात आहे. 1948 च्या मूळ कायद्यात वीज वापरणारी जागा फॅक्टरी ठरायला 10 कामगार लागायचे, कामगार सुरक्षेच्या 2020 च्या नव्या संहितेत तो आकडा 20 केला. चार-पाच जणांचं फर्निचर वर्कशॉप, आणि गच्चीवरचा एकटा माणूस, दोन्ही या आकड्याच्या बाहेर, तिथे तपासायला इन्स्पेक्टर येणार नाही. त्यामुळे मशीन ठरवतानाच दुकानदाराला विचारा, गोल ब्लॉक आहे का, सरफेसवर ब्रिज गार्ड (पात्यावरून आडवं बसणारं झाकण) मिळेल का, स्टार्टर नो-व्होल्टचा आहे का, डस्ट हूड (भुशाचा पाइप जोडायचं तोंड) सोबत येतो का, आणि पैसे देण्याआधी ते बिलावर लिहून घ्या.