मंडई, पट आणि नाटक: तारखेच्या वादाची पार्श्वभूमी

पोळा सरला की आपल्या झाडीपट्टीत तीन गोष्टींची बोलणी सुरू होतात: मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि नाटक. यंदा मंडईचं ठरलं आहे, नेहमीप्रमाणे भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी. नाटकाचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कमही नाटक कंपन्यांच्या गावाला, वडशाला पोचली, संक्रांतीनंतरच्या शनिवारचा. अडलंय ते पटाचं. पटाच्या मंडळींना तोच शनिवार-रविवार हवा, नाटकाच्या मंडळींना तो सोडायचा नाही, आणि समाजमंदिरातली बैठक चहा यायच्या आत उठली.

विशीतल्या पोरांना हा वाद खुळचट वाटतो. पट दिवसा, नाटक रात्री, मग अडतं कुठं? अडतं ते मैदानावर, वर्गणीवर आणि मानावर. आणि हे सगळं जिथून बिनसलं ते वर्ष २०१४.

त्याआधीचा काळ थोडक्यात. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा हा धानाचा मुलूख, म्हणजेच झाडीपट्टी: भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग. तळी मालगुजारांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, गावंही त्यांचीच. पटाच्या बक्षिसाचा आणि नाटकाच्या मंडपाचा खर्च बहुधा वाड्यातूनच निघायचा. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली. तळ्यांच्या नावामागे 'माजी' लागलं आणि उत्सवांचा भार वर्गणीवर आला. नाटकाच्या दोन रांगा कोणासाठी राखायच्या यावरून आजही जी कुरबुर होते, तिचं मूळ या वाड्याच्या काळात आहे. पण ते जुनं झालं.

मंडईबद्दल इथं फार सांगायला नको. हलकं धान घरात आलेलं, भारी धान अजून बांधीत, म्हणजे शेतात उभं, अशा बेताच्या दिवसांत ती येते. बलिप्रतिपदेला गायगोधन होतं, गोवारी बांधवांची ढाल निघते आणि मग प्रत्येक गाव आपापल्या ठरलेल्या दिवशी मंडई भरवतं. शेजारच्या गावाचा दिवस कोणी घेत नाही, त्यामुळे सोयऱ्यांना आज इथं, उद्या तिथं जाता येतं. उकडलेले शिंगाडे, ऊस, मुर्रा-बत्तासे, लेकी-जावई, लग्नाची बोलणी आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत ही लोकनाट्यं. तारखेची ही शिस्त कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही, तरी कोणी मोडत नाही. पटाच्या तारखेलाही पूर्वी अशीच शिस्त होती, म्हणून हा उल्लेख.

पट म्हणजे शंकरपट. घाटावरचे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले लोक बैलगाडा शर्यत म्हणतात ते आणि आपलं हे एकाच कायद्याखाली येतं, पण मैदानावर दोन्हींत बराच फरक आहे. आपल्याकडे हलक्या छकड्याला जोडी जुंपतात, वर हाकणारा एकटा धुरकरी. कुठं दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, कुठं एकेक जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या हिश्श्यावर निकाल लागतो. धान चुरून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या की पौष-माघात पट लागत. तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक. आमच्या झाडीपट्टीत मात्र पट एकटा येत नसे. दिवसभर जोड्या बघायला पंचक्रोशीतून माणूस लोटायचा. रात्री परत जायला ना गाडी ना वाट, मग त्याला गावात थांबवायचं तर काहीतरी हवंच. ते काहीतरी म्हणजे नाटक. थंडीत कांबळी पांघरून, तणसाच्या पेंढ्यांवर बसून पहाटेपर्यंत चालणारं. आजचं झाडीपट्टीचं नाटक मंडई आणि पट यांच्याच आधाराने वाढलं. म्हणून पटवाले 'तारीख मुळात आमची' म्हणतात, ते खोटं नाही.

आता बंदीबद्दल. गावात कोणालाही विचारा, 'कोर्टाने बंद केला' एवढंच सांगतील. प्रत्यक्षात ते प्रकरण बारा वर्षं चाललं आणि त्यातल्या प्रत्येक वळणाने आपल्या गावची तारीख हलवली.

सुरुवात केंद्राच्या एका अधिसूचनेने झाली, ११ जुलै २०११ च्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम २२ आहे. कोणत्या प्राण्यांना खेळ करण्यासाठी शिकवता किंवा दाखवता येणार नाही, ते सरकारने जाहीर करायचं, असं ते कलम. यादीत आधी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. त्यात बैल आला. ही यादी वाचून आपल्याकडचा कास्तकार हसला होता, कारण त्याच्या लेखी बैल वाघ-सिंहाच्या पंगतीत बसणं हीच गंमत. पण त्या एका शब्दाने पट बेकायदा ठरला. पुढची दोन-तीन वर्षं परवानगी मिळते, नाही मिळते असं चालू राहिलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती, दोन्ही बंद. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याचं शरीर बनलेलं नाही, त्याला पळवायचं तर दुखवावंच लागतं, असा त्या निकालाचा गाभा.

दुखवण्याची गोष्ट खोटी होती का? नव्हती. तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला लावलेली टोकदार आर, पिळलेली आणि चावलेली शेपटी, सुटायच्या आधी पाजलेली दारू, हे सगळं पटाच्या मैदानावर होत होतं आणि पाहणारे पाहत होते. 'आमच्या पटात असं कधी झालंच नाही' म्हणणाऱ्याने बाकीच्यांच्या डोळ्यांचाही विचार करावा. पण हेही तितकंच खरं की पटाची जोडी घरात असली की तिला पोटच्या पोरासारखा खुराक लागायचा. सरकी, ढेप, उडदाचं पीठ, कोणाकडे दूध, कोणाकडे अंडी. वर्षभर कामाला न जुंपलेला तो बैल कसायाच्या दारी जाणार नाही, याची खात्री पटच देत होता. न्यायालयापुढे ही दुसरी बाजू मांडायला त्या वेळी आपल्या भागातून फारसं कोणी गेलं नाही. जे गेले ते पुणे, सातारा, सांगलीकडचे. त्यामुळे कायद्याच्या भाषेत पुढे जे आलं ते त्यांच्या गाड्यांचं आलं, आपला छकडा मागे राहिला. हे लिहिणाऱ्याचं मत आहे, पण पटाच्या मैदानावर ते सर्रास ऐकू येतं.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना अटींवर मुभा दिली. इथल्या मंडळींनी घाईने पत्रकं छापली. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, संक्रांत तोंडावर असताना. ती पत्रकं पुढे दोन वर्षं किराणा दुकानात पुड्या बांधायला वापरली गेली. पुढच्या वर्षी तमिळनाडूत लोक रस्त्यावर उतरले, तिथल्या विधानसभेने कायदा बदलला. त्यापाठोपाठ महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये आपली दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. अटी मोडल्या तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. मधल्या काळात राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेचा अभ्यास करायला समिती नेमली. बैल पळू शकतो असा अहवाल तिने दिला. हे आमच्या एका म्हाताऱ्या धुरकऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, समितीला जेवण कोणाकडे होतं?

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांनुसार शर्यती घ्यायला मोकळीक दिली. तो दिवस घाटावर गुलाल उधळून साजरा झाला. आपल्याकडे गुलाल उधळायला वेळ लागला. जानेवारी २०२२ मध्ये कोरोनाची तिसरी लाट आली आणि गर्दीवर निर्बंध. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर लम्पीची साथ आली, जनावरांची ने-आण, बाजार आणि शर्यतींवर पुन्हा मनाई. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले, तेव्हा कुठं 'पट आता जाणार नाही' असं लोकांना वाटू लागलं. म्हणजे २०१४ पासून मोजलं तर नऊ वर्षं. बैलाची एक पिढी त्यात गेली. ज्याची जोडी २०१४ ला ऐन भरात होती, ती २०२३ ला दावणीलाही नव्हती.

या नऊ वर्षांत गावाने काय केलं? पटाची तारीख रिकामी ठेवली नाही. नाटकाच्या मंडळींनी ती उचलली. पट नसला तर माणूस येईल का, ही धास्ती पहिल्या वर्षी सगळ्यांनाच होती. दिवसा कबड्डीचे सामने ठेवले, रात्री तिकिटावर नाटक. मैदान उतरतं खोदून पुढच्यांची डोकी मागच्यांच्या आड येणार नाहीत अशी जागा केली. खुर्ची, गादी, बिछायत असे दर लावले. माणूस आला. दुसऱ्या वर्षी जास्त आला, कारण आता दुचाकी होत्या आणि मोबाईलवर वडशाच्या कंपन्यांच्या जाहिराती फिरत होत्या. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं जुनं ठाणं. गोंदिया-चंद्रपूर लाईनवर असल्याने नट, पेटी-तबला आणि पडदे तिथून चारही दिशांना जाऊ शकत, म्हणून कंपन्या तिथं जमल्या. दसऱ्याच्या आत तिथं जाऊन तारीख पक्की केली नाही तर हवी ती कंपनी मिळत नाही. इसार दिल्यावर तारीख बदलली तर तो बुडतो. आजच्या वादात ही बाब कळीची आहे. नाटकाची मंडळी हटवादी म्हणून अडून बसलेली नाहीत, त्यांचे पैसे अडकले आहेत.

त्या नाटकाच्या शिलकीतून शाळेची भिंत झाली, देवळाचा सभामंडप झाला. कोरोनात २०२० चा हंगाम बुडाला तेव्हा नटांना शेतावर मजुरी करावी लागली, तरी पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं राहिलं. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एका झाडीपट्टी कलावंताला पद्मश्री मिळाली. पटाच्या सावलीतला कार्यक्रम म्हणून ज्याची ओळख होती, तो आता स्वतःच्या नावावर चालतो. पटवाल्यांना हे कुठंतरी डाचतं. बोलत नाहीत, पण बैठकीत 'आम्ही होतो म्हणून तुम्ही' हे वाक्य तीनदा आलं.

पट परतला तोही पूर्वीचा राहिला नाही. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरने बैल आधीच कमी केले होते. आता पटाची जोडी म्हणजे हौशी, पैसेवाल्या माणसाचं काम, आणि मैदानावर येणाऱ्या बऱ्याच जोड्या दुसऱ्या जिल्ह्यांतून टेम्पोत बसून येतात. नियमही आले. जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवस आधी अर्ज, ५०,००० रुपये अनामत, पशुवैद्यकाचा दाखला, धाव १,००० मीटरच्या आत, हातात काठी-चाबूक नाही, चित्रीकरण सक्तीचं. अनामत भरायची तर वर्गणी लवकर हवी. वर्गणी देणारे हात तेच, जे नाटकालाही देतात. धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे वेळेत आले तर दोन्ही निभतं, रखडले तर एकालाच. गेल्या काही वर्षांत चुकाऱ्यांचा अनुभव काय आहे ते सांगायला नको.

मैदानाचंही तसंच. पटाचं जुनं मैदान तळ्याच्या पाळीखाली होतं. बंदीच्या काळात त्याच्या एका टोकाला प्लॉट पडले, दुसऱ्या टोकाला नाटकाचा खड्डा खोदला गेला. सरळ धाव आता नाटकाच्या मंडपातूनच जाते. मंडप शुक्रवारी उभा राहतो, सोमवारी उतरतो. म्हणजे त्या आठवड्यात एकच काहीतरी. शेजारच्या गावच्या एका मोकळ्या शेतात पट हलवावा असं सुचवलं गेलं, पण मग बक्षीस वाटपाला कोणाच्या गावचं नाव, हा नवा वाद निघाला.

रात्रीच्या भोंग्याचा मुद्दाही यंदा कोणीतरी काढला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्याला वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देता येते. झाडीपट्टीचं नाटक दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवताना संपतं. आजवर ठाण्यातून समजूतीने घेतलं गेलं, पण पटाला सगळे नियम आणि नाटकाला एकही नाही, हे पटवाल्यांना खुपतं. तक्रार करायची धमकी अजून धमकीच आहे.

तूर्तास दोन पर्याय पुढे आहेत. पट माघातल्या दुसऱ्या आठवड्यात न्यायचा, किंवा नाटकाच्या कंपनीला विनंती करून शनिवारऐवजी बुधवार घ्यायचा. बुधवारी तिकीट निम्म्यावर येतं, असं नाटकवाले म्हणतात. माघात उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी लागते आणि तळ्याखालच्या बांध्यांत पाणी सुटतं, असं पटवाले म्हणतात. पुढची बैठक मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, समाजमंदिरातच. पटाचा अर्ज संक्रांतीच्या पंधरा दिवस आधी जिल्ह्याला गेला नाही, तर यंदाचा प्रश्न आपोआप सुटेल आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा निघेल.