शाकारलेल्या होडीच्या आतली हवा

मे महिना सरत आला की हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांच्या आसपास होड्या किनाऱ्यावर ओढायची घाई सुरू होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या आधी इंजिन उतरवायचं, जाळी घरी न्यायची, होडी ओंडक्यांवर टेकवायची आणि शाकारायची, म्हणजे पावसापासून वरून झाकायची. पूर्वी हे शाकारणं नारळाच्या चुडतांच्या विणलेल्या झापांनी व्हायचं. आता बहुतेक ठिकाणी निळी ताडपत्री दिसते. ती घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, पाणी गळणार नाही ना? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. आत अडकलेली ओल बाहेर कशी जाणार, हे विचारल्याशिवाय कव्हर निवडता येत नाही. होडी वर्षानुवर्षं टिकते की आतून पोखरली जाते, हे या दुसऱ्या अर्ध्यावरच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी पावसाचा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद होडीची टोकं निमुळती धरली, तर वरून तिचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस मीटर भरतं. शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावर दोन टन पाणी पडतं. २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की हवामान खातं त्याला अतितीव्र म्हणतं, तो दिवस चार टनांचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तेवढा पाऊस उघड्या होडीत साठला असता, तर वजन एकोणीस टनांच्या घरात गेलं असतं. होडी पाण्यात असते तेव्हा तिचा भार समुद्र सगळ्या अंगाने पेलतो. किनाऱ्यावर तोच भार चार-सहा टेकूंवर येतो आणि फळ्यांचे सांधे उघडतात. म्हणून कव्हर हवंच, आणि त्याखाली तळाचं बूच काढून ठेवायला हवं. आत आलेलं थोडं पाणी तरी वाट काढून जाईल.

लाकडाचं खरं नुकसान मात्र वजनाने होत नाही, पाण्याच्या गोडपणाने होतं. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही, कारण मीठ तिला लागणारं पाणी ओढून घेतं. लाकडी जहाजांच्या काळात काही जहाजबांधणी करणारे फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम खडेमीठ भरून ठेवत, ते याच कारणाने. पावसाचं पाणी हे मीठ धुऊन नेतं. समुद्रात आठ-नऊ महिने निभावलेली फळी किनाऱ्यावर दोन महिन्यांत मऊ पडते, ती या गोड्या पाण्याने. आणि कुजायची सुरुवात नेहमी नजरेआड होते. फळी आणि फासळी भिडतात तिथे, खिळ्याभोवती, नाळेच्या म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या कोनात.

बुरशीला पाणी किती लागतं, याचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत, कारण कव्हरची सगळी निवड त्यांच्यावर उभी आहे. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. ती वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पेशींच्या भिंती पूर्ण भरल्या की ओल तीस टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथून पुढे बुरशीला मोकळं रान मिळतं. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर सावलीतलं लाकूड सतरा-अठरा टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता शंभराला टेकली की तेच लाकूड तिशीकडे सरकतं. म्हणजे भर पावसाळ्यातली दमट हवासुद्धा लाकडाला धोक्याच्या रेषेच्या जराशी खाली ठेवू शकते, फक्त ती खेळती असली पाहिजे. कोंडलेली हवा मात्र रेषा ओलांडते. “बाहेरच एवढा दमटपणा, मग वारा खेळवून काय फायदा?” असं अनेक जण म्हणतात. त्याचं उत्तर या दहा-बारा टक्क्यांत आहे.

आता प्लास्टिकची ताडपत्री होडीच्या काठाला चारी बाजूंनी गच्च आवळली तर काय होतं? ऊन पडलं की कापड तापतं, त्याखालची हवा तापते, आणि ओली फळी, खालची वाळू, आत कोंबलेली जाळी यांच्यातून वाफ निघते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ पेलते. तेवढ्यात सर येते आणि कापड एकदम गार पडतं. २५ अंशांना हवा फक्त २३ ग्रॅम वाफ पेलू शकते. उरलेले सात ग्रॅम कापडाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमतात आणि फळ्यांवर टपकतात. जुलैत ऊन आणि सर यांचा खेळ दिवसभर चालतो, तसं हे चक्रही पुन्हा पुन्हा फिरतं. एक थेंबही बाहेरून आत आलेला नसतो, तरी होडी आतून ओलीच राहते. असं कव्हर उघडलं की कुबट वास येतो, आणि लोक ताडपत्री गळली म्हणून तिला दोष देतात.

झापांची गंमत इथे कळते. विणलेली झापं एकमेकांवर चढवून, मधल्या आढ्यावरून दोन्ही अंगांना तीव्र उतार देऊन लावतात. पाण्याचा थेंब पातीवरून घसरत खालच्या झापावर, तिथून त्याच्या खालच्यावर जातो. आत शिरायच्या आधीच कडेला पोचतो. पातींच्या मधून हवा मात्र सहज ये-जा करते. पाणी अडवायचं काम उताराने केलं, म्हणून वाफ अडवायची गरजच पडली नाही. ज्यांनी ही रीत घडवली त्यांच्या हाती आर्द्रतामापक नव्हता, तरी रचना अचूक आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अडचण एवढीच की चांगली झापं विणायला वेळ आणि विणणारे हात लागतात, ते आता सगळीकडे मिळत नाहीत.

मग ताडपत्री घ्या, पण झापांसारखी लावा. होडीच्या मधोमध उभ्या बांबूंवर आडवा बांबू टाकून आढं करा आणि त्यावरून कापड दोन्हीकडे उतरवा. कापड काठाच्या खाली हातभर लोंबू द्या, पण काठाला चिकटवू नका. मध्ये हवेपुरती फट ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूचं टोक खाली ओढून अरुंद फट ठेवा आणि उलट्या बाजूचं टोक मोकळं सोडा. वाऱ्यासमोरचं तोंड मोठं ठेवलं तर कापड फुगून उडेल. कापड कुठेही झोळीसारखं लोंबता कामा नये. एका चौरस मीटरच्या झोळीत दहा सेंटिमीटर पाणी साठलं की शंभर किलो भार होतो, भाराने झोळी खोल होते, मग आणखी पाणी साठतं. त्याच साठ्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात.

कापड कोणतं? बाजारातली निळी ताडपत्री म्हणजे पॉलिइथिलीनच्या पट्ट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेला असतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. शंभराच्या आसपासचं कापड एका मोसमाला पुरेल, दोनशेच्या पुढचं काही वर्षं चालेल. पण वजनाइतकंच महत्त्व सूर्यप्रकाशाच्या उपचाराला आहे. अतिनील किरणांची ऊर्जा प्लास्टिकच्या लांब साखळ्यांमधले बंध तोडण्याइतकी असते. एकदा तुटायला लागलं की हवेतला ऑक्सिजन ते काम पुढे नेतो आणि कापड हाताने चुरगळलं तरी फाटतं. काजळी मिसळलेलं काळं प्लास्टिक या किरणांपुढे सगळ्यात जास्त टिकतं, मात्र उन्हात तापतंही जास्त. आतून काळं आणि बाहेरून रुपेरी मिळालं तर तेच घ्यावं. ट्रकवर टाकतात ते पीव्हीसीचं कापड मजबूत असतं, पण जड आणि महाग. मेण लावलेलं सुती कॅनव्हास भिजल्यावर धागे फुगून विण घट्ट होते आणि वाफही थोडी जाऊ देतं. परंतु ओलं गुंडाळून ठेवलं तर तेच कुजतं.

वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ६० किलोमीटर वारा दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोचा दाब देतो. ३ जून २०२० रोजी, म्हणजे बंदीच्या तिसऱ्याच दिवशी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्याच्यासारख्या ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब पन्नास किलोच्या पुढे जातो. हा सगळा ताण शेवटी कापडाच्या कडेला दोरी ओवायला असलेल्या गोल डोळ्यांवर येतो, म्हणून कापड तिथूनच चिरतं. यावर किनाऱ्यावरचाच एक उपाय उत्तम आहे: कापडावर जुनं जाळं पसरून ते खाली बांधायचं. जाळं ताण शेकडो गाठींवर वाटून देतं आणि फडफड थांबवतं. प्लास्टिकला वाऱ्यापेक्षा ही फडफडच जास्त मारते. दोरी खुंटीला ताठ बांधण्यापेक्षा वाळूची पोती लोंबती सोडावीत. झोत आला की पोतं उचललं जातं आणि झोत सरला की कापड पुन्हा जागेवर येतं.

फायबरची होडी कुजत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना एक सांगायला हवं. तिच्या तळाशी, आडव्या आधारांत अनेकदा लाकूड किंवा प्लायवूड असतं. जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवलं असेल तर आतलं लाकूड दोन थरांत बंद होतं आणि एका चिरेतून शिरलेलं गोडं पाणी तिथेच अडकतं. शिवाय ओलं प्लास्टिक फायबरच्या पृष्ठभागाला दिवसेंदिवस चिकटून राहिलं तर वरच्या थरात पाणी झिरपून फोड येतात, आणि तेही खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्याने जास्त. कापड आणि होडी यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ.

इंजिन होडीवरच ठेवायचं असेल तर ते झाकण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणजे मिठाचा पातळ थर लोखंडाला सतत खारट ओल पुरवत राहतो. नंतर तेलाचा हात फिरवा.

होडी पाण्यात लोटली की ताडपत्री तशीच वाळूत पडून राहते आणि ऑक्टोबरचं ऊन तिचं उरलेलं आयुष्य खाऊन टाकतं. तिचे निळे तुकडे मग भरतीबरोबर समुद्रात जातात. दोन्ही बाजू वाळवून, घडी घालून सावलीत टांगली तर तीच पुढच्या मेमध्ये पुन्हा उपयोगी पडते. टांगण्याआधी डोळे तपासा. फाटका डोळा त्याच वेळी शिवून घेतला, तर जूनच्या पहिल्या वादळात धावपळ होत नाही.