इशापूरची २ए१ रायफल आणि ‘.३०८’चा घोळ

अमेरिकेच्या सरप्लस (लष्कराने काढून टाकलेल्या शस्त्रांच्या) बाजारात भारतातल्या इशापूर कारखान्याच्या २ए आणि २ए१ बोल्ट (हाताने मागे-पुढे करायच्या खिट्टीच्या) रायफली दोन नावांनी विकल्या गेल्या: ‘बदललेली .३०३’ आणि ‘.३०८’. पहिलं नाव साफ चूक. आराखडा ब्रिटिशांच्या जुन्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचाच, पण साठच्या दशकात या रायफली ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी, अधिक मजबूत पोलादात नव्याने घडवल्या गेल्या. लष्करात येत असलेल्या सेल्फ-लोडिंग रायफलीचं काडतूसही हेच होतं. २ए१ ओळखायची खूण मागच्या साइटवर: २००० ऐवजी ८०० मीटरपर्यंतच आखणी.

भारतात .३०३ आणि ७.६२ दोन्ही निषिद्ध बोअर (नळीचं माप), त्यामुळे सामान्य परवानाधारकाला या रायफली घेता येत नाहीत. अमेरिकेने १९६८ साली सरप्लसची आयात बंद केली आणि १९८४ साली संग्राह्य शस्त्रांपुरती पुन्हा उघडली.

खरा वाद ‘.३०८’चा: ७.६२ नाटोशी मापात जवळजवळ सारखं असलेलं व्यापारी काडतूस, .३०८ विंचेस्टर, या रायफलीत वापरावं का? .३०८ विंचेस्टरची कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय आणि नाटोची ५०,००० असे आकडे शेजारी मांडून घाबरवलं जातं. पण तो ५०,००० तांब्याच्या सिलिंडरच्या जुन्या पद्धतीने मोजलेला आहे. दोन मोजपट्ट्यांची तुलनाच होत नाही. काळजीचं कारण वेगळं आहे. या रायफलीचे लॉकिंग लग (बोल्टला जागी अडकवणारे खुंट) बोल्टच्या मागच्या टोकाला असतात. बार उडताना बोल्ट किंचित दबतो आणि काडतुसाची केस बुडाच्या जरा वर ताणली जाते. लष्करी चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) सैल, त्यात व्यापारी .३०८ची पितळी केस बहुधा पातळ. एकदा ताणलेली केस पूर्ण रीसाइझ करून (साच्यातून मूळ मापाला आणून) पुन्हा भरली की तिसऱ्या-चौथ्या वेळी तुटू शकते. बुडालगत चमकदार कडं दिसलं किंवा आतून टोकदार तार फिरवताना खाच लागली, तर केस फेकावी. रीलोड करायचंच तर फक्त केसची मान साइझ करावी, गोळी १४७-१५० ग्रेन वजनाची, दारूचा भार हलका.

विकत घेताना बोल्ट आणि रिसीव्हरचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचे) क्रमांक जुळवावेत. ली-एनफिल्डच्या क्रमांक ४ रायफलीसारखी बोल्ट-हेडं (बोल्टची पुढची सुटी टोकं) इथे ०, १, २, ३ अशा मापांत मिळत नाहीत, म्हणून हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) बिघडला की दुरुस्ती किचकट. जाड काळा रंग गंजाचे खड्डे झाकतो. लाकडाखालची नळी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘डीपी’ ठसा असेल तर ती कवायतीची रायफल. तिच्यातून बार काढू नये.