जुना ड्राइव्ह: अडॅप्टर लावावा की बदलून टाकावा?

नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जुनी हार्ड डिस्क घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती जीबीची?" खरं तर आधी बघायला हवं ते कंट्रोलर, म्हणजे डिस्कवरचे सिग्नल वाचून संगणकाला डेटा देणारा भाग, कुठे आहे हे. जुनी डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर चालेल की नाही, ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

१९८० मध्ये आलेल्या एसटी-५०६ या ५ एमबीच्या डिस्कला स्वतःचा मेंदूच नव्हता. ३४ आणि २० तारांच्या दोन केबल वेगळ्या कंट्रोलर कार्डाकडे जात आणि चुंबकीय सिग्नलचा अर्थ ते कार्ड लावत असे. एका कंट्रोलरवर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जाईलच, याची खात्री नसे. म्हणून अशा डिस्कला बाजारातला साधा यूएसबी अडॅप्टर चालत नाही. डिस्कसोबत तिचं कार्डही जपावं लागतं.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या कामातून आयडीई ही डिस्क जोडण्याची पद्धत आली आणि कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर बसला. १९९४ मध्ये त्याचं एटीए हे प्रमाणित रूप ठरलं. आता अडॅप्टरला फक्त आज्ञांचं भाषांतर करायचं असतं. म्हणूनच आयडीई डिस्क आजच्या लॅपटॉपला स्वस्तात जोडता येते.

जोडताना जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) 'मास्टर', म्हणजे मुख्य डिस्क, या जागेवर ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कना एकट्याने चालायचं तर जंपर काढावा लागतो. रिबनची, म्हणजे चपट्या केबलची, लाल कड १ नंबरच्या पिनकडे, म्हणजे बहुधा पॉवरच्या सॉकेटकडे. आधी रिबन, मग पॉवर, शेवटी यूएसबी. चालू डिस्कची रिबन ओढू नका. साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, आणि फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. स्वस्त अडॅप्टरसोबतचा वीटभर सप्लाय तिथेच दम सोडतो: डिस्क फिरते, टिकटिकते, थांबते आणि लोक ती मेली म्हणून भंगारात देतात. एकदा संगणकाच्या चांगल्या पॉवर सप्लायवर (एसएमपीएस) चालवून बघायला हवी. अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात आणि ५ व्होल्ट त्यातूनच मिळतात.

नागपुरात यात आणखी एक भर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिस्कची चालण्याची मर्यादा साधारण ५५ ते ६० अंश असते. बंद खोक्यात तासन्‌तास कॉपी चालवली की ती मर्यादा जवळ येते. पंखा लावा, पण कुलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवेने पिना गंजतात.

डेटा काढण्यापुरता अडॅप्टर, रोजच्या कामाला नवा ड्राइव्ह, असं आमचं स्पष्ट मत आहे. विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" विचारलं तर नाही म्हणा. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं 'चेकडिस्क'ही चालवू नका. आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत घ्या. डिस्क १३७ जीबीपेक्षा मोठी असेल तर जुन्या अडॅप्टरची २८ बिटांच्या पत्त्यांची मर्यादा आड येते. आयडीईच्या जागी साटा ही नवी जोडणी २००३ मध्ये आली आणि इंटेलने २००६ च्या आयसीएच-८ चिपमधून आयडीई काढून टाकलं. त्यामुळे नव्या मदरबोर्डवर आयडीईचं सॉकेट शोधण्यात वेळ घालवू नये.

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात प्रश्न उलटा असू शकतो. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं मशीन ठणठणीत, डिस्क मात्र मरणपंथाला. इथे डिस्कच बदलावी. कॉम्पॅक्ट फ्लॅश हे जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, म्हणून ४० पिनांचा साधा अडॅप्टर पुरतो. नव्वदीच्या सुरुवातीच्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) ५०४ एमबीपलीकडे दिसत नाही. ५१२ एमबीचं कार्ड त्यात बसतं, कारण कार्डावरचा आकडा दशमान पद्धतीचा असतो, तर ५०४ हा द्विमान पद्धतीचा, म्हणजे दशमान मोजणीत सुमारे ५२८ एमबी.

फ्लॉपीचा कंट्रोलर शेवटपर्यंत संगणकातच राहिला. साडेतीन इंचीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतात, सव्वापाच इंचीसाठी मात्र ग्रीझवीझलसारखं, कच्चा चुंबकीय सिग्नल वाचणारं बोर्ड लागतं. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचता येते, पण तिच्यावर लिहू नये. त्याचं हेड अरुंद असल्याने जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा पुसल्या जात नाहीत आणि मग मूळ ड्राइव्हला ती वाचता येत नाही. वाचण्याआधी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी; साडेतीन इंचीत उलट, खिडकी उघडी ठेवली की लेखन बंद होतं.